ब्रेकच्या वायरीचं तुणतुणं

“अजून खाली, भाऊजी. अजून थोडं. हां... तितंच. आता सोडू नका.”

परसातल्या भिंतीपलीकडून शालनचा हा आवाज आला तेव्हा माझ्या डोक्यावर दळणाचा डबा होता. गिरणीची वीज गेली म्हणून मी अर्ध्या वाटेवरून परतले होते. त्याला आता तीस वर्षं होऊन गेली. पण डबा खाली उतरवायचं भान राहिलं नव्हतं, मान अवघडली तरी तशीच उभी होते, एवढं लख्ख आठवतं. कारण शालनचे भाऊजी म्हणजे माझे मालक, आणि ते या वेळी ड्यूटीवर असतील अशी माझी समजूत होती.

आमची वस्ती एसटी डेपोच्या मागं. पत्र्याच्या चाळी, दोन-दोन खोल्या, मागं एकमेकांना लागून परसं आणि मधे कमरेएवढी विटांची भिंत. हे डेपोत मेकॅनिक. शालनचा नवरा कंडक्टर, मुक्कामी गाडीवर, एक दिवसाआड घरी. भिंतीवरून पलीकडचं सगळं दिसायचं. हे शालनच्या मागल्या पायरीवर बसले होते. गुडघ्यांत पत्र्याचा डबा, डब्याला उभी फळी, फळीच्या टोकापासून डब्यापर्यंत एक तार. शालन समोर पाटावर. डोळे मिटून ती एकच सूर लांबवत होती. आणि हे, ज्यांनी बारा वर्षांत माझ्याकडं भाकरी मागताना कधी मान वर केली नव्हती, ते तिच्या गळ्याकडं एकटक बघत होते.

डबा मी मग उतरवला. जरा जोरातच.

“दळण आणलं?” पाठोपाठ घरात येत ह्यांनी विचारलं.

“वीज न्हाई. आणि तुमची ड्यूटी?”

“सकाळपाळी हाय की ह्या आठवड्यात. विसरलीस?”

विसरले होते खरी. पण त्यानं मनाला काही उतार पडला नाही.

“तिच्या पायरीवर कशाला बसायचं? आपल्याला पायरी न्हाई?”

“तिच्याकडं फुटक्या ढोलकीचं कातडं होतं. ते भिजवून डब्याला लावलं.”

“आणि तिचा गळा? तोबी भिजवून लावला?”

हे साबणाची पूड घेऊन हात चोळत बसले. ह्यांचं असंच. इंजिन कुरकुरलं की त्याला कान लावून बसायचे, कुठं काय झिजलंय ते अचूक सांगायचे. माणूस कुरकुरलं की नुसतं थांबायचं, आवाज आपोआप बंद होईपर्यंत.

तुणतुणं करायचं ठरलं ते खरं तर माझ्यामुळं. खंडेनवमीला डेपोत मोठी पूजा असायची. गाड्यांना झेंडूच्या माळा, पान्यांना आणि जॅकला हळदकुंकू, आणि दुपारी शेडमध्ये सतरंजी टाकून आम्हा बायकांची देवीची गाणी. गाणं उचलायची मी. म्हणजे पहिली ओळ माझी, बाकीच्यांनी ती झेलायची. माझी आई जात्यावर बसली की आजूबाजूची घरं गप्प व्हायची, असा तिचा गळा. तिच्या चालींवर मी आमच्या वस्तीच्या ओव्या बसवल्या होत्या:

घाटाच्या वळणावर, उभी राहा गं अंबाबाई,
उशीर होऊ दे धन्याला, मला कशाचीच घाई न्हाई.

ही दुसरी ओळ मी वरच्या सुरात नेली की शेडचा पत्रा शहारतो, असं आमच्या गाण्याच्या मंडळातल्या गोदूमावशी म्हणायच्या. वैद्य नावाचे स्टोअरकीपर पेटीवर साथ करायचे. “अनुसयाबाई, तुमचा सूर काळी चारचा,” ते पेटीची पट्टी दाबून दाखवत. “इथनं खणखणीत वर जाता. असा गळा तालुक्यात नाही.” काळी चार. मला पेटीतलं बाकी काही कळत नव्हतं, पण ते दोन शब्द मी डाळिंबाच्या दाण्यांसारखे तोंडात घोळवत असे.

मग वैद्यांची बदली झाली आणि पेटी त्यांच्याबरोबर गेली. त्याच उन्हाळ्यात माझ्या गळ्यातली गाठ काढली. व्रण राहिला. त्यावर मी ठुशी घालू लागले आणि तो विषय तिथं संपवला. त्या सालची खंडेनवमी पेटीविना झाली. वरच्या ओळीला माझा आवाज फाटला. एकदा नव्हे, दोनदा. बायकांनी ओळ तशीच झेलून पुढं नेली. घरी येऊन मीच म्हटलं, “पेटी न्हाई ना, म्हणून. सुराला धरायला काहीतरी नको का?”

हातातला भाकरीचा तुकडा ताटात ठेवून हे म्हणाले, “पेटी आपल्याला करता यायची न्हाई. तुणतुणं करून बघू.”

वर्षभर ते वस्तू जमवत राहिले. कँटीनमधला दूधपावडरीचा रिकामा डबा आणला. मोडीत निघालेल्या गाडीच्या बाकाची सागवानी फळी आणली. स्वतःच्या जुन्या सायकलच्या ब्रेकची वायर सोलून तिचा एकच पदर बाजूला काढला. तो डब्याच्या तळाशी अडकून राहावा म्हणून एक वॉशर शोधला. आणि बाभळीची एक खुंटी केली, तार पिळायला. माझ्या भिंतीत पिशवी अडकवायला एक खुंटी ठोका म्हणून मी चार वर्षं सांगत होते. ही खुंटी मात्र ते रोज संध्याकाळी काचेच्या तुकड्यानं तासत, गालाला लावून गुळगुळीत झाली का बघत. मी चुलीपुढून बघायची आणि मनात म्हणायची, तासू दे. माझ्यासाठीच तासतायत.

त्या दळणाच्या दिवसापर्यंत.

आठवड्यानं तुणतुणं घरी आलं. ह्यांनी ते माझ्या मांडीवर ठेवलं.

“घे. वाजवून बघ.”

मी बोटानं तार छेडली. नाद गोड होता, खोटं कशाला बोलू. डब्यात भुंगा अडकावा आणि त्यानं तिथंच संसार मांडावा, तसा. त्यावर मी ओठांतल्या ओठांत ओळ लावून पाहिली. सूर खालचा होता. काळी चारच्या कितीतरी खालचा.

“हे कुणाच्या गळ्याचं?”

“मंडळाचं.”

“मंडळाला गळा असतो?”

“सगळ्यांना झेपंल असं लावलंय.”

“कुणी लावलं? तुम्हाला तर सूर आणि गाडीचा भोंगा एकच.”

“शालननं सांगितलं.”

“मग तिलाच द्या की नेऊन. तिच्या पायरीवर जन्मलंय, तिच्याच घरात नांदू दे.”

ह्यांनी तुणतुणं माझ्या मांडीवरून उचललं, त्यावर फडकं टाकलं. “अगं,” म्हणाले, आणि थांबले. त्या ‘अगं’च्या पुढं काहीतरी होतं, ते त्यांनी गिळलं. दुसरंच बोलले. “खुंटीला हात लावू नको. ही तार सायकलची हाय, गाण्याची न्हवं. जास्त ताण दिला तर टिकायची न्हाई.”

तारेची एवढी काळजी, मला वाटलं. माझी नाही.

दुसऱ्या दिवशी गोदूमावशींच्या ओट्यावर तालीम होती. मावशी म्हणजे आमच्या वॉचमनची बायको, वयानं सगळ्यांत थोर, आणि जीभ अशी की मिरचीनं तिच्याकडून उसनं न्यावं. शालन तुणतुणं वाजवायला बसली. मी तोंड उघडलं नाही.

“काय झालं गं, अनशे?”

“घसा बसलाय.”

“बसलाय तर उठव त्याला. का पाट मांडून देऊ?”

बायका खिदळल्या. मी पदराची गाठ सोडत-बांधत राहिले.

“बरं, मग शालने, तू उचल आज. तुणतुणं तुझ्याच देखरेखीखाली झालं म्हणं.”

मागं कुणीतरी फिसकन हसलं. माझे कान तापले.

“अक्का असताना मी कशी उचलू?” शालन म्हणाली.

“अक्का मौनात हाय. उचल.”

शालननं उचललं. तिचा आवाज माझ्यासारखा खणखणीत नव्हता. कढईतल्या पाकासारखा, काळसर, दाट. दोन ओळी तिनं म्हटल्या, तिसरीला मधेच थांबली, गळ्याला हात लावून म्हणाली, “मला न्हाई जमत, मावशी.” नखरे, मी मनात म्हटलं.

“जमलं की गं, न जमायला काय झालं,” मावशी म्हणाल्या. “अनशीचा घसा उठला न्हाई, तर खंडेनवमीला तूच उचल.”

झालं. माझी जागा गेली. सगळ्या डेपोदेखत, माझ्याच मालकानं केलेल्या तुणतुण्यावर, माझ्याच आईच्या चालीत ती गाणार, आणि मी मागं बसून झेलणार.

पुढचे पाच-सहा दिवस मी शालनशी बोलले नाही. तिनं भिंतीवर शेंगाचटणीची वाटी ठेवली. मुंग्या लागेपर्यंत मी ती उचलली नाही. आईची एक ओवी होती, ती त्या दिवसांत कपडे धुताना, भांडी घासताना आपोआप ओठांवर यायची, आणि मी ती परत गिळायची:

मत्सराचा निखारा, पदरी बांधिला मी बाई,
पदर जळाला गं माझा, शेजारीण जळली न्हाई.

खंडेनवमीच्या सकाळी दहा वाजता मी रांगोळीचा डबा घेऊन शेडमध्ये गेले. पूजा नुकतीच झाली होती. लाल कापडावर पाने, पकडी, हातोड्या, पेचकस रॉकेलनं पुसून ओळीनं मांडले होते, प्रत्येकाला हळदकुंकू, प्रत्येकावर झेंडूचं एक फूल. आमच्या डेपोत एक रीत कडक होती. एकदा पूजा झाली की दसऱ्याच्या सकाळपर्यंत हत्याराला हात लावायचा नाही. कधीकाळी एकानं लावला होता आणि जॅक निसटून त्याची दोन बोटं गेली, असं सगळे सांगत. तो माणूस पाहिलेला मात्र कुणीच नव्हता.

पुरुषमाणसं चहाला गेली होती. तुणतुणं पूजेत नव्हतं, दुपारी वाजवायचं होतं म्हणून ह्यांनी ते खांबाला टेकवून ठेवलं होतं. मी रांगोळी घातली, हात पुसले, आणि ते मांडीवर घेतलं.

मला ते मोडायचं नव्हतं. देवाशपथ नव्हतं. मला ते फक्त शालनच्या पायरीवरून उठवून माझ्या उंबऱ्यात आणायचं होतं.

खुंटी हलेना. पदर गुंडाळून पिळली तेव्हा हलली. तार छेडली, सूर जरा वर आला. अजून पीळ दिला, अजून वर. वैद्यांच्या पेटीतली काळी चार माझ्या कानात पक्की होती, घाटमाथ्यावरच्या देवळासारखी समोर दिसत होती. आणखी थोडा पीळ. आला. तोच सूर. मी तोंड उघडलं आणि त्या सुराला गळा लावला.

गळा पोचला नाही.

खाकरले. पुन्हा लावला. मधेच काहीतरी सरकलं, नुसती हवा आली. मला वाटलं, तारच अजून बेसूर असंल. मी आणखी पीळ दिला.

फट्कन आवाज झाला. तुटलेल्या तारेचं टोक सापासारखं उलटून माझ्या बोटावर बसलं. रक्ताचे दोन थेंब रांगोळीत पडले.

तेवढ्यात हे आत आले, प्रसादाचं ताट घेऊन. मागं शालन, नारळाची पिशवी घेऊन. दोघं एकत्रच.

“काय झालं?”

“हात लागला. तुटली.”

ह्यांनी तुणतुणं उचललं. खुंटीकडं बघितलं. तिच्यावर आणि फळीवर त्यांनी कानशीनं एक-एक बारीक खूण केली होती, ती मला तेव्हा पहिल्यांदा दिसली. दोन्ही खुणा एकमेकींपासून किती लांब गेल्या होत्या तेही दिसलं. हात लागून तार तुटते, खुंटी दोन वेढे फिरत नाही. ह्यांनी खिशातला रुमाल काढून माझ्या बोटाला बांधला.

“दुसरी तार हाय का, भाऊजी?” शालननं विचारलं.

“हाय. पण वॉशरला वळवायला पकड पाहिजे.”

आम्ही तिघांनी लाल कापडाकडं पाहिलं. पकडी तिथंच होत्या, कुंकू लावलेल्या.

“उचला की,” शालन म्हणाली. “देवीच्याच कामाला लागतीय.”

“पूजा झालीय. आज न्हाई.”

ह्यांनी खांबापाशी ठेवलेल्या आपल्या पिशवीतून वायरीचा दुसरा पदर काढला आणि हातानंच वळवू लागले. तार ताठ, बोटांना दाद देईना. मग दातांत धरून वळवू लागले. ती निसटली, ओठाला लागली, ओठ चिरला. त्यांनी पुन्हा दातांत धरली.

“राहू द्या,” मी म्हटलं. माझा आवाज मलाच अनोळखी वाटला.

शालननं माझा दंड धरला आणि मला एका माळा घातलेल्या गाडीच्या मागं नेलं.

“अक्का, तार तुम्ही चढवली.”

“आणि चढवली तर? तुझ्या गळ्याचं तुणतुणं तू...”

“माझ्या गळ्याचं?” ती हसली, रडू येण्याआधी माणूस हसतं तशी. “माझा गळा त्याच्यापेक्षाबी खाली हाय. मावशींच्या ओट्यावर तिसऱ्या ओळीला माझा श्वास कोंडला, तुम्ही बघितलं न्हाई? डोळे कुठं होते तुमचे?”

डोळे कुठं होते ते मला ठाऊक होतं.

“मग तो सूर कुणाचा?”

“तुमचा.”

“माझा काळी चार...”

“होता. गाठ काढायच्या आदी.” ती थांबली, मग सगळं एकदम बोलून टाकलं. “मी तुमच्या शेजारी बसून झेलते, अक्का. तुमचा आवाज कुठं फाटतो आणि कुठं अजून मधासारखा लागतो, हे माझ्यापेक्षा जास्त कुणाला ठाऊक? भाऊजी म्हणले, मला सुरातलं कळत न्हाई, ती आता कुठवर पोचते तेवढं मला दाखव. तिला सांगू नको. तिला वाटू दे, तुणतुणं आलं आणि आवाज परत जागेवर बसला. तुमच्यावानी गाऊन गाऊन माझा घसा सुजला. आणि तुम्ही चटणीची वाटीबी उचलली न्हाई.”

तिचा हात अजून माझ्या दंडावर होता. मी त्या हातावर माझा रुमाल बांधलेला हात ठेवला. डिझेल आणि झेंडू यांचा एकच मिसळलेला वास येत होता.

दुपारी शेड भरली. ड्रायव्हर, कंडक्टर, ऑफिसातली माणसं, साहेबांसाठी खुर्ची. आम्ही बायका सतरंजीवर. गोदूमावशींनी टाळ हातात घेतले.

“तुणतुणं मोडलं म्हणं. मोडलं तर मोडलं, देवी काय डब्यावर अडून बसत न्हाई. कोण उचलतंय? शालने?”

शालननं नकारार्थी मान हलवली आणि सतरंजीकडं बघत बसली.

“अनशे? घसा उठला का?”

सगळे माझ्याकडं बघू लागले. माझी जागा रिकामी होती, नेहमीची, पुढची. मी तिथं जाऊन बसले. नेहमीसारखं वरून उचललं असतं, आणि आवाज फाटला असता, तरी काही बिघडणार नव्हतं. सुराला धरायला काही नव्हतं म्हणून, असं मी म्हटलं असतं, आणि सगळ्यांनी मान डोलावली असती. कारण तयार होतं. मीच ते सकाळी तयार करून ठेवलं होतं.

हे खांबाला टेकून उभे होते. ओठ सुजलेला. बगलेत तो डबा, तार लोंबत होती. माझ्याकडं बघत नव्हते, मला अवघड होऊ नये म्हणून जमिनीकडं बघत होते.

“मावशी, जरा थांबा,” मी म्हटलं.

“आता काय गं?”

“तुणतुणं मोडलं न्हाई. मी मोडलं. ते माझ्या गळ्याला बरोबर लावलं होतं, मी ते वर ओढायला गेले.”

मावशींचे टाळ थांबले. खुर्चीतले साहेब आधी मावशींकडं, मग माझ्याकडं बघू लागले. ह्यांनी मान वर केली.

“आज खालून उचलणार हाय. तुम्हीबी खालूनच झेला,” मी बायकांना म्हटलं, पण बघत ह्यांच्याकडं होते. “गेल्या साली आवाज फाटला तो पेटी नव्हती म्हणून न्हवं. गाठ काढल्यापासून माझा आवाज वर जात न्हाई. मला पहिल्या दिवसापासून ठाऊक हाय.”